विकिपीडियावर संदर्भ द्यायला शिकवायचंय: एक दिवसाची कार्यशाळा की वाचनालयातला आठवडी वर्ग?

विदर्भातल्या एखाद्या तालुक्याच्या गावी मराठी विकिपीडियाचे नवे संपादक तयार करायचे ठरले की दोन वाटा दिसतात. कॉलेजच्या संगणक कक्षात तीस-चाळीस मुलं बसवून एक दिवसाची कार्यशाळा घ्यायची, नाहीतर सार्वजनिक वाचनालयात पाच-सहा जणांचा दर आठवड्याला दोन तास वर्ग चालवायचा. खाती उघडून घेण्यापुरतं पाहिलं तर कार्यशाळा बरी. पण विश्वासार्ह संदर्भ द्यायला शिकवायचं असेल तर वर्गच घ्यावा.

कार्यशाळेचा निम्मा दिवस यंत्रांशी झगडण्यात जातो. एका आयपी पत्त्यावरून (म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून) चोवीस तासांत सहाच खाती उघडता येतात, आणि कॉलेजचं सगळं इंटरनेट बहुधा एकाच पत्त्यावरून बाहेर पडतं. सातव्या मुलाचं खातं अडतं. म्हणून खाती आधीच घरून उघडून आणायला सांगा, किंवा काही दिवस आधी मर्यादा शिथिल करण्याची विनंती करा. खातं झालं तरी बाहेरचा दुवा जोडताना नव्या माणसाला कॅप्चा येतो, म्हणजे समोर यंत्र नसून माणूसच आहे हे तपासायला चित्रातली अक्षरं टाइप करायला लावतात. त्यातली अक्षरं इंग्रजी असतात, त्यामुळे मराठी कळफलक चालू राहिला तर तो दर वेळी चुकतो. त्यात वीज गेली की संपलंच. उरलेल्या वेळात मुलं शोधात सगळ्यात वर आलेलं पान संदर्भ म्हणून चिकटवतात. ते पान एखादा ब्लॉग असतं, हॉटेलची जाहिरात असते, नाहीतर विकिपीडियावरूनच उतरवलेला मजकूर. म्हणजे विकिपीडियाच विकिपीडियाचा साक्षीदार!

वर्गात मात्र पुस्तक समोर असतं, आणि खरं शिकणं तिथेच होतं. लोणार सरोवराचंच घ्या. जुन्या पुस्तकांत त्याचं वय सुमारे पन्नास हजार वर्षं सापडतं, तर २०११ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन पद्धतीच्या (खडकातल्या आर्गॉन वायूवरून वय काढण्याच्या) मोजणीत ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं निघालं. दोन्ही आकडे छापील, दोन्हींना संदर्भ आहे. मग कुठला लिहायचा? नवा आकडा आधी, कोणत्या पद्धतीने काढला ते सांगून, आणि जुना त्याच्या वर्षासह. ‘पुस्तकात आहे’ एवढ्याने भागत नाही, हे इथे आपोआप कळतं.

गॅझेटियरचा, म्हणजे जिल्ह्याची माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथाचा, धडाही असाच. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला, गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून. त्याआधीच्या खंडात आजच्या वाशीममधलं मालेगाव किंवा गडचिरोलीतलं अहेरी जुन्याच जिल्ह्यात दिसणार. नवखा ते जसंच्या तसं उतरवतो आणि लेख चुकतो. गावाच्या लोकसंख्येसाठी २०११ ची जिल्हा जनगणना पुस्तिका वापरा, पण पिंपळगावं ढिगाने आहेत, तेव्हा तालुका आणि सहा अंकी गावक्रमांक जुळवूनच आकडा घ्या. सरपंचांनी तोंडी सांगितलेला आकडा खराही असेल, पण वाचकाला तो तपासता येत नाही. संस्थानाच्या स्मरणिका आणि गौरवग्रंथ स्थापनेच्या तारखेपुरते चालतील. त्यातली विशेषणं तिथेच राहू द्या.

वर्गात एक सवय पहिल्याच दिवशी लावा. पुस्तकाचे तीन फोटो घ्यायचे: मुखपृष्ठानंतरचं शीर्षकपान, त्याच्या मागचं प्रकाशक, वर्ष आणि आवृत्ती असलेलं पान, आणि ज्या ओळीचा आधार घेतला ते पान, क्रमांकासकट. संदर्भग्रंथ घरी मिळत नाहीत, आणि पृष्ठक्रमांक तर हमखास राहून जातो. बातमीसाठी दुवा टाकून आपोआप संदर्भ तयार करणारी सोय आहे, पण मराठी वृत्तपत्रांच्या बाबतीत तारीख गळते किंवा वृत्तपत्राचंच नाव लेखकाच्या रकान्यात जाऊन बसतं. जतन करण्याआधी प्रत्येक रकाना वाचा. दुवा पुढे मरतो, म्हणून तो वेबॅक मशीनमध्ये (वेबपानांच्या प्रती जपून ठेवणाऱ्या संकेतस्थळावर) त्याच वेळी साठवून ठेवा.

वर्गाची दुखणीही आहेत. सोयाबीन काढणी आणि कापूस वेचणीच्या दिवसांत माणसं येत नाहीत. सगळा भार एका ग्रंथपालावर पडतो. वाचनालय ‘ड’ वर्गाचं, म्हणजे सरकारी वर्गवारीत सगळ्यात लहान, असेल तर कपाटात कादंबऱ्याच जास्त, मग जिल्हा ग्रंथालयाची वारी आली. वर्ग आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवला तर खेड्यांतल्यांना वेगळा एसटीचा खर्च पडत नाही.

इंग्रजी लेख भाषांतर साधनाने मराठीत आणणं ही तिसरी वाट. नवख्यांना तिकडे पाठवू नका. न वाचलेले संदर्भ लेखासोबत आयते येतात.

नंतर पाठपुरावा करणारं कुणीच नसेल, तर कार्यशाळाच घ्या. पण त्या दिवशी नवा लेख एकही नको. आपल्या जिल्ह्यावरच्या लेखांतली ‘संदर्भ हवा’ अशी खूण असलेली वाक्यं आधीच निवडा. दोघांना मिळून एक वाक्य द्या आणि सोबत दोन पानांच्या झेरॉक्स, एकात त्या वाक्याला आधार आहे आणि दुसऱ्यात नाही. आधार कुठल्या ओळीत आहे ते पेन्सिलीने अधोरेखित केल्याशिवाय संगणकाला हात लावू देऊ नका.