साइन्ड लिंक अस्सल होती, बकेट दुसऱ्याची होती

गृहकर्जाच्या फाइली तयार करून देण्याचं काम आम्ही नाशिकमध्ये करतो. आधार, पॅन, सॅलरी स्लिपा, बँक स्टेटमेंट, फॉर्म सोळा, करारनामा, इंडेक्स टू... माणसाची सगळी कुंडली त्या एका फाइलमध्ये असते. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले हे कागद नावं देऊन लावायचे आणि क्लाउडवर ठेवायचे, एवढं काम आमच्याकडे एक एआय एजंट करतो. फाइल क्लाउडवर चढवण्यासाठी त्याला जोडलेलं टूल आम्ही विकत घेतलं होतं. त्या टूलच्या विक्रेत्याने आम्हाला आणि आमच्या ग्राहकांना लुबाडलं. हीच युक्ती आणखी कितीतरी कचेऱ्यांमध्ये चालू शकते, म्हणून सगळं खोलात जाऊन लिहिते आहे.

एजंट टूलला सांगतो की अमुक नावाची पीडीएफ ठेवायची आहे. टूल एक साइन्ड लिंक, म्हणजे चावीने सही केलेली तात्पुरती लिंक, तयार करून देतं आणि एजंट त्या लिंकवर फाइल पाठवतो. क्लाउडची चावी एजंटच्या हाती लागत नाही आणि लिंक ठरलेल्या वेळी बंद पडते. अ‍ॅमेझॉनच्या एस-थ्री या फाइल साठवण्याच्या क्लाउड सेवेवर ही मुदत जास्तीत जास्त ७ दिवस ठेवता येते. आमची १५ मिनिटांची होती. ही पद्धत चांगली आहे, आणि जे घडलं त्यात एस-थ्रीचा काही दोष नाही.

विक्रेता डेमो द्यायला स्वतः आला होता. "ताई, लिंकवर सही असते. मधे कोणी एक अक्षर जरी बदललं तरी सर्व्हर फाइल घेणार नाही," असं तो म्हणाला. हे खरंच आहे, आणि म्हणूनच त्याच्यावर विश्वास बसला. पण त्या सहीवरून इतकंच कळतं की ज्याची चावी आहे त्याची परवानगी आहे. ती चावी आणि ती बकेट, म्हणजे क्लाउडवरची फाइली ठेवायची जागा, तुमचीच आहे, याची हमी सही देत नाही. कोणीही खातं उघडावं, स्वतःची बकेट करावी आणि तिच्यासाठी तितकीच अस्सल लिंक बनवावी.

त्याने नेमकं तेच केलं. सुरुवातीला सगळ्या लिंक आमच्याच बकेटच्या होत्या. मग टूलचं एक अपडेट आलं आणि लिंक त्याच्या बकेटच्या येऊ लागल्या. नाव आमच्यासारखंच, फक्त शेवटी एक आडवी रेघ आणि दोन अक्षरं जास्त. फाइल आधी त्याच्याकडे उतरायची आणि तिथून त्याचं टूल तिची प्रत आमच्या बकेटमध्ये टाकायचं. एजंटला "अपलोड झालं" असं उत्तर मिळायचं, आम्हाला फाइल जागच्या जागी दिसायची. आमचं कॉम्प्युटरचं काम बघणाऱ्या भाच्याने टूलला दिलेल्या चावीला फक्त लिहिण्याची परवानगी ठेवली होती, वाचण्याची नाही. आमच्या बकेटमधून विक्रेत्याला काहीच उचलता येत नव्हतं, म्हणून त्याने वाटेतच नाका बसवला. एजंटला अ‍ॅमेझॉनच्या पत्त्याबाहेर कुठेही फाइल पाठवता येऊ नये, असा बंदोबस्तही होता. तो इथे कामाला आला नाही, कारण जगातल्या कोणाचीही एस-थ्री बकेट त्याच अमेझॉनएडब्ल्यूएस डॉट कॉमखाली असते.

प्रकार उघड झाला तो एका निवृत्त शिक्षकांमुळे. मुलाच्या कर्जात ते सहअर्जदार होते. त्यांना फोन आला, "गुरुजी, बँकेतून बोलतोय. इंडेक्स टूवर तुमच्या नावात चूक आहे, दुरुस्तीचे १८,५०० भरा, नाहीतर कर्ज अडकेल." दस्त क्रमांक, फ्लॅट नंबर, मुलाचा पगार, सगळं त्याने अचूक सांगितलं. गुरुजींनी पैसे भरले आणि लगेच आम्हाला फोन करून विचारलं, चूक कशी राहिली? आम्ही तेव्हाच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तातडी केल्यामुळे थोडी रक्कम समोरच्या खात्यात गोठवली गेली, उरलेली गेली. मग भाच्याने एजंटचे लॉग, म्हणजे त्याने काय काय केलं याच्या नोंदी, काढले आणि लिंकमधली ती दोन जास्तीची अक्षरं सापडली. विक्रेत्याचा फोन त्यानंतर लागला नाही. वर्षाची फी त्याने आधीच घेतली होती.

आधी चोख वागायचं आणि मग अपडेटमधून घाव घालायचा, ही रीत नवी नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये पोस्टमार्क या ईमेल सेवेच्या नावाने एनपीएम या कोडच्या सार्वजनिक भांडारात ठेवलेलं एक एमसीपी पॅकेज, म्हणजे एजंटला जोडायचं टूल, असंच पकडलं गेलं. आधीच्या आवृत्त्या नीट चालत होत्या. १.०.१६ मध्ये एक ओळ वाढली आणि एजंटने पाठवलेल्या प्रत्येक ईमेलची गुपचूप प्रत तिसऱ्याकडे जाऊ लागली. मूळ कंपनीचा त्या पॅकेजशी संबंधच नव्हता.

तुमच्याकडे असं टूल असेल तर आजच एजंटचे लॉग उघडा. लिंकच्या सुरुवातीला बकेटचं नाव असतं, ते अक्षर न् अक्षर जुळवा. पुढे क्रेडेन्शियल या भागात चावीचा क्रमांक असतो; तो तुमच्या खात्यातला हवा. परवानगी पूर्ण बकेटच्या पत्त्याला द्या, नुसत्या डोमेनला नको. अपडेट आपोआप बसू देऊ नका. आणि मला सर्वांत जास्त चीड आणणारी गोष्ट ही, की एस-थ्रीची अशी लिंक बनवायला बाहेरचं टूल लागतच नाही. सही म्हणजे एचमॅक-शा-२५६ या सांकेतिक पद्धतीचं गणित, ते आपल्याच मशीनवर होतं, त्यासाठी सर्व्हरलाही विचारावं लागत नाही. भाच्याने आता पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या मोजक्या ओळींत ते बसवलं आहे.

त्या काळात ज्यांच्या फाइली गेल्या, त्या प्रत्येकाला आम्ही स्वतः फोन केला. आधारचं बायोमेट्रिक लॉक करा, सिबिल रिपोर्टमध्ये अनोळखी कर्ज दिसतंय का ते बघत राहा, बँकेच्या नावाने फोन आला तर तो ठेवून आपल्या शाखेत जा, असं सांगितलं. काहींनी रागाने फाइल परत नेली. तो राग रास्त होता. सायबर पोलिसांकडे तक्रार दिली आहे आणि सगळे लॉग जोडले आहेत. तो विक्रेता अजून सापडलेला नाही.