आठ महिने किंडल: कव्हर फसलं, मराठी जमलं

दिवाळीच्या बोनसमधून किंडल पेपरव्हाइट घेतलं, म्हणजे ई-पुस्तकं वाचायचं अ‍ॅमेझॉनचं यंत्र, ६.८ इंची. नोकरी पुण्यात, घर सोलापुरात. सोमवारी पहाटे हुतात्मा एक्स्प्रेस धरायची आणि शुक्रवारी रात्री तिनंच परतायचं, एका बाजूला चार तास. मोबाइलवर वाचायला घेतलं की कुर्डुवाडी यायच्या आत मी व्हॉट्सअ‍ॅपवर पोचलेला असायचो.

स्क्रीनबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथं तक्रारीला जागाच नाही. ही स्क्रीन ई-इंकची, तिच्यात काळे-पांढरे सूक्ष्म कण विजेच्या भारानं वर-खाली होतात आणि तसेच थांबतात. त्यामुळं ऊन जेवढं कडक तेवढी अक्षरं स्पष्ट, आणि उन्हाची आपल्याकडं काय कमी! पान तसंच उघडं राहिलं तर त्याला बॅटरी लागत नाही, लागते ती पान उलटताना आणि दिव्याला. मला साधारण तीन आठवड्यांनी चार्ज करावं लागतं. खोक्यात केबलच येते, अडॅप्टर नाही, मोबाइलचा चालतो. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेल्यावर मात्र ते गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवायचं नाही, हे घरात सगळ्यांना बजावलंय.

खरा घोळ घातला तो जोडसामानात. पहिलं कव्हर मी ६ इंचीचं मागवलं, ती चूक माझीच. दुसरं मापाचं आलं, पण त्याच्या झाकणातलं चुंबक जागेवर नव्हतं. चांगलं कव्हर मिटलं की स्क्रीन झोपते, उघडलं की जागी होते. माझं मिटूनही जागंच! मग हौसेनं स्क्रीन गार्ड. किंडलची काच मुळात चकाकी मारत नाही, त्यावर चकचकीत प्लास्टिक चढवणं म्हणजे पैसे देऊन आरसा करून घेणं. वर बुडबुडे. चौथ्या दिवशी काढून टाकला. क्लिपवाला दिवाही घेऊ नका, आत दिवा आहे आणि रात्री तो पिवळसर करता येतो. शेवटी आईनं जुन्या सोलापुरी चादरीच्या तुकड्याची पिशवी शिवली, नाडीवाली. आठ महिन्यांत एक ओरखडा नाही.

आता मराठी. किंडलवर मराठी पुस्तकं २०१६ पासून विकत मिळतात, ती घेतली की थेट उघडतात. अडतं ते आपल्याकडच्या पीडीएफपाशी. ए-४ आकाराचं पान एवढ्या स्क्रीनवर मुंगीएवढं दिसतं. रूपांतर करायला जावं तर युनिकोडच्या (आता सगळीकडं चालणाऱ्या अक्षरसंकेताच्या) आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या मजकुराचा चक्क खिचडा होतो. स्कॅन केलेली पानं तर निव्वळ फोटो, त्यांचं अक्षर वाढवणार कसं? पहिला महिना मी यातच घालवला. शहाणपण असं की ईपबच शोधायची, म्हणजे स्क्रीनप्रमाणे मजकूर जुळवून घेणारी पुस्तकाची फाइल. विकिस्रोतावरची मराठी पुस्तकं ईपब स्वरूपात फुकट उतरवता येतात. फाइल किंडलच्या स्वतःच्या ईमेलवर पाठवायची, पण त्याआधी आपला ईमेल पत्ता अ‍ॅमेझॉन खात्यातल्या मंजूर यादीत घालायचा. मी तो घातला नव्हता आणि दोन दिवस वाय-फायला शिव्या घालत बसलो.

एक हौस आणखी. काही फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे असतात, माझी नजर तिथं अडखळते. कॅलिबर या फुकट सॉफ्टवेअरमधून ‘टिरो देवनागरी मराठी’ हा फॉन्ट पुस्तकातच घातला आणि किंडलवर ‘पब्लिशर फॉन्ट’ निवडला. शाळेच्या पुस्तकातलं वळण परत मिळालं. नाही केलं तरी काही अडत नाही.

हिराचंद नेमचंद वाचनालयाची वर्गणी चालूच आहे. चित्रं, नकाशे असलेलं पुस्तक कागदावरच बरं. पण आईचं तिथं जाणं थांबलं होतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही बारीक टाइप तिला झेपत नाही. डिसेंबरात मी किंडलवर अक्षर मोठं करून दिलं, एका पानावर जेमतेम सहा-सात ओळी. “सारखं पान उलटायचं काय रे,” म्हणाली आणि जानेवारीतली गड्ड्याची यात्रा सुरू व्हायच्या आत एक अख्खी कादंबरी संपवली. तेव्हापासून शनिवार-रविवार ते माझं नसतंच.

गेल्या सोमवारी गाडीत बसून पिशवीची नाडी सोडली, तर आत तिचा चष्मा.