सॅलफर्डची वर्किंग क्लास मूव्हमेंट लायब्ररी : मँचेस्टरला असाल तर जाच

मँचेस्टरला आलेले आपले लोक ओल्ड ट्रॅफर्ड बघतात, करी माइलवर जेवतात आणि परत जातात. पण सॅलफर्ड क्रेसेंट स्टेशनवरून थोडं चाललं की युनिव्हर्सिटीच्या समोर लाल विटांची एक जुनी बिल्डिंग लागते, पूर्वी तिथे नर्सेस राहायच्या, आता कामगार चळवळीची लायब्ररी आहे, एंट्री फुकट.

म्युझियमसारखं चकाचक काही बघायचं असेल तर हिरमोड होईल हं. पुस्तकं, पॅम्प्लेट, युनियनचे कागद, मोर्चातले बॅनर, 1819 च्या पीटर्लूपासून (मँचेस्टरला मतदानाचा हक्क मागणाऱ्या सभेवर घोडदळ घातलं होतं, ते) 1926 च्या देशव्यापी संपापर्यंत सगळं. पण हे जमवलं कोणी? एडी आणि रूथ नावाच्या जोडप्याने! तो टूलमेकर, ती शाळेत शिकवायची, दोघंही कम्युनिस्ट. 1950 च्या दशकापासून सुट्टी लागली की जुनी व्हॅन काढायची, गावोगावची जुन्या पुस्तकांची दुकानं पालथी घालायची आणि झोपायचंही व्हॅनमध्येच. शेवटी घरात पाय ठेवायला जागा उरेना, तेव्हा 1987 मध्ये सगळं इकडे हलवलं.

मला सगळ्यात भारी वाटला तो 1931 चा भाग. सप्टेंबरच्या शेवटी गांधीजी लँकेशायरमध्ये डार्वेनला गिरणी कामगारांना भेटले, आपल्याकडच्या बहिष्काराचीही झळ बसलेली माणसं ती, तरी त्यांचं जोरात स्वागत केलं. आणि लगेच 1 ऑक्टोबरला इथे सॅलफर्डच्या बेक्सली स्क्वेअरवर बेकारभत्त्यातल्या कपातीविरुद्ध मोर्चा गेला, त्यात हा एडी होता, पोलिसांचा मार खाल्ला आणि जेलमध्येही गेला. म्हणजे ज्याने इतिहास जमवला तो स्वतःच त्यात होता, हे कुठल्या प्रोफेसरला जमणार?

प्रोफेसर लोकांना नावं ठेवत नाहीये. अमेरिकेत यंग्सटाउनला, जिथे 1977 पासून पोलादाचे कारखाने धडाधड बंद पडले, तिथल्या युनिव्हर्सिटीत कामगारवर्गाच्या अभ्यासाचं सेंटर निघालं, कामही मस्त झालं, पण 2012 मध्ये बंद. सेंटर युनिव्हर्सिटीच्या जिवावर, त्यामुळे तिकडची हवा फिरली की संपलं. सॅलफर्डवाल्यांचा स्वतःचा ट्रस्ट आहे, देणग्यांवर आणि व्हॉलंटियर्सवर गाडी चालते, म्हणून जमलं तर डबीत चार पौंड टाका.

वाचत बसायचं असेल तर आधी अपॉइंटमेंट घ्या. कॅटलॉग ऑनलाइन आहे, काय हवंय ते घरूनच शोधून ठेवा, नाहीतर कपाटं बघण्यातच दिवस जाईल.