एकच रूट सीए, की कपाटात बंद रूट आणि वेगळा इश्यूइंग सीए?

ॲक्टिव्ह डिरेक्टरीत (संस्थेचे संगणक आणि वापरकर्ते एका डोमेनमध्ये सांभाळणारी मायक्रोसॉफ्टची व्यवस्था) स्वतःचा सर्टिफिकेट सर्व्हर, म्हणजे डिजिटल ओळखपत्रं देणारा सीए (सर्टिफिकेट ऑथॉरिटी), उभा करताना निवड या दोहोंतून करायची असते. पहिल्या रचनेत डोमेनला जोडलेला एकच एंटरप्राइझ रूट सीए, म्हणजे विश्वासाच्या साखळीच्या मुळाशी असलेला सीए, सगळ्यांना सर्टिफिकेटं देतो. दुसरीत रूट सीए डोमेनबाहेर, नेटवर्कची वायर कधीच न लागलेल्या मशीनवर राहतो आणि रोजचं काम त्याच्या सहीचा इश्यूइंग सीए करतो.

वाय-फाय, व्हीपीएन, डोमेन कंट्रोलरचं ६३६ पोर्ट, या कामांत दोन्ही रचना सारख्याच चालतात. फरक कळतो तो सीएची खासगी की (सही करायची गुप्त किल्ली) चोरीला गेल्यावर. इश्यूइंग सीएची की गेली तर रूट चालू करून इश्यूइंग सीएचं सर्टिफिकेट रद्द करायचं, नवा सीआरएल (रद्द सर्टिफिकेटांची यादी) प्रसिद्ध करायचा, एनटीऑथ स्टोअरमधून (लॉगिनसाठी विश्वासू सीएंची डोमेनमधली यादी) तो सीए काढायचा आणि त्याच रूटखाली नवा उभा करायचा. रूटचं सर्टिफिकेट मात्र त्यानं स्वतःच सही केलेलं असतं. त्याच्या वर ते रद्द करणारं कोणी नाही. एकस्तरीय, म्हणजे पहिल्या रचनेत की गेली की प्रत्येक संगणक, फोन, प्रिंटर आणि फायरवॉलमधून तो रूट काढावा लागतो. ग्रुप पॉलिसीची (डोमेनभर सेटिंग लावणारी सोय) मदत फक्त डोमेनमधल्या विंडोज मशीनपुरती.

द्विस्तरीय रचनेची किंमत शिस्तीत मोजावी लागते. स्टँडअलोन (डोमेनबाहेरचा) रूट मुळात १ वर्षाचीच सर्टिफिकेटं देतो. इश्यूइंग सीएच्या विनंतीवर सही करण्याआधी रूटच्या रजिस्ट्रीत ही मुदत १० वर्षं केली नाही, तर वर्षभरात सगळं पुन्हा करावं लागतं. रूटचं स्वतःचं सर्टिफिकेट साधारण २० वर्षांचं ठेवतात, ते सीएपॉलिसी.आयएनएफ या सेटिंग फाइलमध्ये लिहून ती फाइल सीएचा रोल बसवण्याआधीच विंडोज फोल्डरमध्ये असावी. नोटपॅडनं तिला गुपचूप .टीएक्सटी शेपूट लावलं की ती वाचलीच जात नाही.

सर्वात जास्त त्रास रूटच्या सीआरएलचा. त्याची मूळ मुदत १ आठवड्याची. ती ६ महिने करा आणि संपायच्या महिनाभर आधी नवा काढून पेनड्राइव्हनं वेब सर्व्हरवर न्या. ही तारीख एकाच माणसाच्या डोक्यात नको, टीमच्या कॅलेंडरवर हवी. सीआरएल संपला की इश्यूइंग सीएची सेवा रीस्टार्टनंतर उठत नाही, स्मार्टकार्ड लॉगिनही अडतं. रूट मशीनचं घड्याळ दर वेळी आधी तपासा: ते पुढे असेल तर नवा सीआरएल अजून लागू झालेला नाही असं ठरतं. आणि रूट हे बंद ठेवलेलं व्हर्च्युअल मशीन असून बाकी सर्व्हरांच्याच क्लस्टरवर असेल तर त्याला ऑफलाइन म्हणू नका. होस्टचा ॲडमिन डिस्क कॉपी करू शकतो.

एका धोक्यापुढे दोन्ही रचना सारख्याच उघड्या आहेत, तो म्हणजे टेम्प्लेट, सर्टिफिकेट कोणाला आणि कशासाठी द्यायचं हे ठरवणारा साचा. क्लायंट ऑथेंटिकेशन (लॉगिनसाठी ओळख पटवणं) चालणाऱ्या टेम्प्लेटवर नाव अर्जदारानं भरायचं आणि एनरोलचा (सर्टिफिकेट मागण्याचा) हक्क डोमेन यूजर्सना, असं असेल तर साधा वापरकर्ताही डोमेन ॲडमिनच्या नावाचं सर्टिफिकेट घेऊ शकतो. ऑफलाइन रूट इथे काहीच वाचवत नाही.

स्मार्टकार्ड, डोमेनबाहेरची उपकरणं किंवा भागीदार संस्थांचा विश्वास यांपैकी काहीही असेल तर द्विस्तरीयच घ्या, संस्था छोटी असली तरी. एकस्तरीयचं नंतर द्विस्तरीय करता येत नाही. नवी रचना शेजारी उभारून, जुन्याचं शेवटचं सर्टिफिकेट संपेपर्यंत त्याचा सीआरएल काढत राहावं लागतं. वर्षातून दोन-तीनदा रूट उघडणारी दोन माणसंही नसतील तरच एकस्तरीय ठेवा. तेव्हाही सीए डोमेन कंट्रोलरवर बसवू नका, कारण सीए काढल्याशिवाय तो कंट्रोलर पदावरून उतरवता येत नाही. सीआरएलचा पत्ता सर्व्हरच्या नावाऐवजी वेगळ्या उपनावानं आणि साध्या एचटीटीपीवर द्या. एचटीटीपीएस ठेवलं तर तेच सर्टिफिकेट तपासायला पुन्हा सीआरएल लागतो. बॅकअपमध्ये डेटाबेस, की आणि सर्टएसव्हीसीची (सीए सेवेची) रजिस्ट्री, तिन्ही घ्या.