मेल्फी की लुचेरा? हातात एकच दिवस असेल तर

दक्षिण इटलीत फिरताना फोज्जा शहरात मुक्काम केला, तर टेकडीवरची दोन तटबंदीची गावं हाकेच्या अंतरावर येतात. लुचेरा साधारण २० किलोमीटरवर, मेल्फी त्याच्या जवळजवळ तिप्पट लांब. दोन्ही गावं तेराव्या शतकातला पवित्र रोमन सम्राट आणि सिसिलीचा राजा दुसरा फ्रेडरिक याच्या नावावर पर्यटक ओढतात. दोन्हीकडे आज दिसणारी तटबंदी मात्र बरीचशी त्याच्या वंशाचा काटा काढणाऱ्या आंजू या फ्रेंच राजघराण्याची आहे, हे आधीच सांगून ठेवतो. ट्रेकची हौस असेल तर दोन्हीकडे निराशाच होईल; गाडी थेट वर जाते.

मेल्फी वुल्तुरे या विझलेल्या ज्वालामुखीच्या कुशीत, सुमारे ५३० मीटरवर आहे. नशीब काढायला उत्तर फ्रान्सातून आलेल्या नॉर्मन भाडोत्री सैनिकांनी १०४० नंतर इथं बस्तान बसवलं. १०५९ मध्ये पोप दुसऱ्या निकोलसने इथेच धर्मपरिषद भरवली आणि त्यांच्यातल्या रॉबर्ट गिस्कारला पुलिया, कालाब्रिया हे दक्षिण इटलीतले प्रांत आणि अजून न जिंकलेल्या सिसिली बेटाचाही ड्यूक करून टाकलं. पुढे १२३१ मध्ये फ्रेडरिकने आपली प्रसिद्ध कायदेसंहिता इथूनच जारी केली. खासगी लढायांना बंदी, तापलं लोखंड धरायला लावण्यासारखी 'दिव्यं' करायला लावून न्याय करायला मनाई, वेश्येवर बळजबरी करणाऱ्यालाही शिक्षा, सालेर्नोच्या नामांकित वैद्यकशाळेतल्या आचार्यांपुढे परीक्षा दिल्याशिवाय वैद्यकीला परवानगी नाही. तेराव्या शतकाच्या मानाने हे सगळं थक्क करणारं आहे.

किल्ला भक्कम आणि नीट राखलेला आहे. आत पुरातत्त्व संग्रहालय आहे आणि तिथली, जवळच्या रापोल्ला गावात सापडलेली शवपेटी तेवढ्यासाठी जावं अशी. दुसऱ्या शतकातलं, आशिया मायनरच्या घडणीचं हे संगमरवरी काम. झाकणावर एक स्त्री पहुडलेली आहे, बाजूंच्या कोनाड्यांत देव आणि वीर उभे आहेत. पेटीचा काळ ठरवायला त्या बाईची केशरचना उपयोगी पडली. बाहेर कॅथेड्रलच्या ११५३ च्या घंटामनोऱ्यावर लाव्हाच्या काळ्या दगडातले ग्रिफिन (गरुडाचं डोकं, सिंहाचं धड असे काल्पनिक प्राणी) शोधा, मान वर करावी लागते. बाकी गावाला १८५१ आणि १९३० च्या भूकंपांनी झोडपलं, त्यामुळे गल्लीबोळांतून फार जुनं काही हाती लागत नाही.

लुचेरा दिसायला साधं. पुलियाच्या सपाट गव्हाळ मैदानाच्या कडेला, उंची जेमतेम अडीचशे मीटर. रोमनांनी इ.स.पू. ३१४ मध्ये इथं वसाहत केली. मार्कुस वेसिलियुस काम्पुस नावाच्या स्थानिक बड्या असामीने स्वतःच्या जमिनीवर, स्वखर्चाने सम्राट ऑगस्टसच्या सन्मानार्थ अँफिथिएटर (झुंजी बघायचं लंबगोल प्रेक्षागृह) बांधलं आणि तसं दारावर कोरूनही ठेवलं. देणगीदाराची पाटी तेव्हाही सुटली नव्हती!

पण लुचेराला जायचं ते तेराव्या शतकासाठी. सिसिलीतल्या मुसलमानांनी बंड केलं, तेव्हा फ्रेडरिकने १२२० च्या दशकापासून त्यांना हजारोंनी उचलून इथं आणून वसवलं. धर्म पाळू दिला, त्यावर कर घेतला, शेती आणि शस्त्रं करायला लावली, तिरंदाज म्हणून लढायांवर नेलं. पोपने सम्राटाला बहिष्कृत केलं तरी या सैनिकांना त्याचं सोयरसुतक नव्हतं, हा मोठाच फायदा. फ्रेडरिकचा मुलगा मानफ्रेड १२६६ मध्ये बेनेव्हेंतोच्या लढाईत आंजूच्या पहिल्या चार्ल्सकडून हरला आणि मारला गेला; राज्य चार्ल्सकडे गेलं. लुचेराने नव्या सत्तेविरुद्ध उठाव केला आणि १२६९ मध्ये उपासमारीने हात टेकले. मग चार्ल्सने टेकडीवर सुमारे ९०० मीटरचा तट घातला. शेवटी ऑगस्ट १३०० मध्ये त्याचा मुलगा दुसरा चार्ल्स याने वस्तीच मोडली. माणसं गुलाम म्हणून विकली, धान्य-जनावरं जप्त केली आणि मशिदीच्या जागी कॅथेड्रल उभारायला घेतलं. कारण धर्माचं सांगितलं. आंजूंविरुद्ध उठलेल्या सिसिलीशी चाललेल्या युद्धाने खजिना रिकामा झाला होता, हेही तितकंच खरं.

आज तटाच्या आत जवळजवळ मोकळं रान आहे. फ्रेडरिकच्या राजवाड्याचा चौरस पायथा तेवढा उरलाय, वरचे दगड लोकांनी पुढच्या बांधकामांना नेले. बघण्यासारखं 'काही नाही' म्हणून कुरकुरणारे इथूनच परततात. तटाला बाहेरून पूर्ण फेरी मारा, मग त्याचा आवाका कळतो.

मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील, पावसाचं लक्षण असेल, किंवा एका छताखाली भरपूर बघायचं असेल, तर मेल्फी. वाचून जाणाऱ्याने लुचेरा घ्यावं. मला विचाराल तर मीही तेच घेईन. राज्यकर्त्याचे कायदे वाचणं सोपं असतं, त्याने माणसांशी काय केलं ते लुचेरात कळतं.

आपली गाडी असेल तर मेल्फीला वेनोसाची जोड द्या. रोमन कवी होरेसचं हे जन्मगाव, गिस्कारला तिथल्याच मठात पुरलंय, आणि आग्लियानिको वाइनही याच पट्ट्यातली. लुचेराहून त्रोया जवळ, तिथल्या कॅथेड्रलची दगडी चक्राकार खिडकी बघा. मेल्फी आणि लुचेरा एकाच दिवसात उरकायचा बेत मात्र करू नका.