पार्किंग महागलं: मासिक पास, रोजची पावती, की लांब गाडी लावून पुढे बस?

रोज गाडी चालवणाऱ्या माणसाला इंधनाचा भाव तोंडपाठ असतो. पार्किंगवर महिन्याला किती जातात हे विचारलं, तर मात्र तो अंदाजे काहीतरी सांगतो. हा खर्च तुकड्यातुकड्यांनी होत असल्यामुळे त्याचा हिशोब डोक्यात बसत नाही. आज दोन तासांची पावती, उद्या पूर्ण दिवस, मध्येच एखादा दंड. मग दर वाढले की वैतागून माणूस समोर दिसेल तो पास काढून मोकळा होतो. तो पास आपल्याला परवडतो की नाही, हे एका भागाकाराने कळतं.

मासिक पास की रोजचे पैसे?

पासच्या रकमेला पूर्ण दिवसाच्या दराने भागा. जो आकडा येईल, त्याहून जास्त दिवस गाडी तिथे लागणार असेल तरच पास फायद्याचा. समजा दिवसाचा दर १०० आणि पास १,६०० आहे. म्हणजे १६ दिवसांना बरोबरी होते. आठवड्याचे पाचही दिवस जाणाऱ्याचे महिन्यात २१-२२ दिवस भरतात. सुट्ट्या, आजारपण, बाहेरगावची कामं वजा केली तरी त्याने पास घ्यावा. आठवड्यातून तीनच दिवस जाणाऱ्याचे मात्र १३ दिवस होतात. त्याचे रोजच्या दराने १,३०० जातील, पासने १,६००. फरक दर महिन्याला ३०० आणि वर्षाला ३,६००. घरून काम करण्याची सवय लागल्यापासून असे तीन दिवसवाले लोक खूप झाले आहेत, आणि त्यातले कित्येक जण जुन्या सवयीने अजून पूर्ण महिन्याचे पैसे भरतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण हा खर्च टाळायला काहीच त्रास नाही.

दिवस मोजताना पुढच्या महिन्याचा बेत धरू नका. मागच्या तीन महिन्यांत प्रत्यक्ष किती दिवस गेलात, ते ॲपमधल्या पावत्यांवरून किंवा बँकेच्या नोंदींवरून काढा. ‘आता रोज जाणार’ या भरवशावर काढलेला पास बहुतेक वेळा तोट्यात जातो.

आता पासच्या बाजूने. रोजची पावती घेणाऱ्याला जागा मिळेलच असं नाही, आणि सकाळी नऊनंतर वाहनतळ भरत असेल तर ही अडचण मोठी आहे. पण पास घेतला म्हणजे जागा पक्की, हेही खरं नाही. काही पासांत ठराविक क्रमांकाची राखीव जागा मिळते, काहींत फक्त आत जाण्याची परवानगी. सगळे पासधारक एकाच वेळी येत नाहीत हे धरून अनेक वाहनतळ असलेल्या जागांपेक्षा जास्त पास विकतात. म्हणून पैसे भरण्याआधी दोन गोष्टी स्पष्ट विचारा: वाहनतळ भरलेला असला तर माझं काय, आणि पास बंद करायला किती दिवस आधी कळवावं लागतं. पास आपोआप पुढच्या महिन्यात नूतनीकरण होत असेल, तर दरवाढही तशीच आपोआप लागू होते.

तीन दिवसवाल्यांसाठी दहा किंवा वीस प्रवेशांचा संच मिळत असेल तर माझं मत सरळ त्याच्या बाजूने आहे. फक्त त्याची मुदत बघा. लवकर येणाऱ्यांसाठी असलेला सवलतीचा दरही चांगला, पण ठरलेल्या वेळेनंतर पोहोचलात किंवा वेळेआधी निघालात की पूर्ण तासांचा दर लागतो. ज्यांच्या कामाच्या वेळा हलतात त्यांनी त्याच्या नादी लागू नये.

रस्त्यावर की वाहनतळात?

जगातलं पहिलं पार्किंग मीटर जुलै १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत लागलं. तिथे काम करणारे लोक दिवसभर रस्त्यावर गाड्या लावून ठेवत आणि दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला जागाच मिळत नसे, ही अडचण सोडवायला ते आणलं होतं. रस्त्यावरच्या तासाच्या दराचा हेतू अजूनही तोच आहे: गाडी लवकर हलावी. त्यामुळे पाऊण तासाच्या कामाला रस्ता स्वस्त पडतो आणि दिवसभरासाठी तोच सर्वांत महाग. तीन-चार तासांच्या पुढे काम जाणार असेल, तर ज्या वाहनतळात पूर्ण दिवसाच्या रकमेला कमाल मर्यादा आहे तो बघावा.

फुकट जागेचाही हिशोब मांडायला हवा. जागा शोधत घिरट्या घालताना इंधन जळतं आणि वेळ जातो. पार्किंगचे अभ्यासक डोनाल्ड शूप यांनी आयुष्यभर हेच मांडलं की रस्त्यावरचा दर असा असावा की प्रत्येक गल्लीत एक-दोन जागा मोकळ्या राहतील. सॅन फ्रान्सिस्कोने २०११ पासून त्या धर्तीचा प्रयोग केला. जिथे गाड्या दाटतात तिथे दर थोडा वाढवायचा, जिथे जागा रिकाम्या राहतात तिथे कमी करायचा. अनेक ठिकाणी दर उतरलेही. आपल्याला यातून घ्यायचं ते इतकंच की मागणीनुसार दर ठरत असतील, तिथे दोन गल्ल्या पलीकडचा दर आधी बघावा. पाच मिनिटं चालण्याने अर्धा खर्च वाचू शकतो.

आणि दंड. वर्षभरात भरलेला दंड बाराने भागून महिन्याच्या पार्किंग खर्चात मिळवा. गाडी एकदा जरी उचलून नेली असेल, तरी ‘स्वस्त’ रस्ता बऱ्याचदा वाहनतळाच्या वर जातो.

जवळ लावायची की लांब?

शहराच्या कडेला, बस किंवा रेल्वेच्या स्थानकापाशी गाडी लावून पुढे जाणं कागदावर जवळजवळ नेहमीच स्वस्त दिसतं. पण इथे एक गोष्ट हमखास विसरली जाते: पार्किंगचे पैसे गाडीमागे लागतात, तिकीट माणसामागे. एकटे जात असाल तर लांबची जागा बहुधा जिंकते. गाडीत दोघं-तिघं असतील तर जाण्यायेण्याची तिकिटं दुप्पट-तिप्पट होतात, आणि तीच माणसं जवळच्या वाहनतळाचा खर्च वाटून घेऊ शकतात. म्हणून एकाच दिशेला जाणारा सहप्रवासी मिळणं ही मला सगळ्या पर्यायांतली सर्वांत दुर्लक्षित बचत वाटते.

वेळ दारापासून दारापर्यंत मोजा. गाडी लावणं, फलाटापर्यंत चालणं, वाट पाहणं आणि उतरून पुन्हा चालणं, हे सगळं त्यात आलं. परतीची शेवटची बस किंवा गाडी कधीची आहे, हेही बघा. उशिराच्या पाळीत काम करणाऱ्यांनी, लहान मुलं किंवा जड सामान घेऊन जाणाऱ्यांनी आणि गुडघे दुखणाऱ्यांनी जवळच्या जागेवर जास्त खर्च केला तर त्यात उधळपट्टी काहीच नाही. धडधाकट, एकट्या आणि ठरलेल्या वेळेत काम करणाऱ्या माणसाने मात्र लांबचा पर्याय महिनाभर करून बघावा.

घराजवळची जागा

घराजवळ कुणाची रिकामी जागा भाड्याने घेणं आणि रस्त्यावरचा रहिवासी परवाना घेणं यात बहुतेकदा परवाना स्वस्त असतो, पण त्याने जागेची हमी मिळत नाही. रात्री उशिरा घरी येणाऱ्याने भाड्याची जागा घ्यावी. जपानमध्ये बहुतेक भागांत घरापासून दोन किलोमीटरच्या आत गाडी ठेवायला जागा आहे, याचा दाखला दिल्याशिवाय गाडीची नोंदणीच होत नाही. नियम नसला तरी गाडी घेण्याआधी जागेचं भाडं हप्त्यात मिळवून बघणं शहाणपणाचं आहे.

नवी गाडी घेणार असाल तर

मोठी की लहान, हा आता पार्किंगचाही प्रश्न झाला आहे. पॅरिसमध्ये फेब्रुवारी २०२४ मध्ये मतदान झालं आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून बाहेरून येणाऱ्या जड गाड्यांना रस्त्यावरच्या पार्किंगचा दर तिप्पट झाला. इंधनावर चालणाऱ्या आणि हायब्रिड गाड्यांसाठी १.६ टन, इलेक्ट्रिक गाड्यांसाठी २ टन ही मर्यादा ठरली. जागा जितकी अडते तितके पैसे, हा विचार बाकी शहरांतही मूळ धरतो आहे. नियम नसला तरी जुन्या वाहनतळांच्या अरुंद कप्प्यांत रुंद गाडी लावून दार उघडणं जिकिरीचं असतं. घरात दुसरी गाडी असेल आणि ती आठवड्यात एखाद-दोन दिवसच निघत असेल, तर तिचं पार्किंग, विमा आणि देखभाल एका बाजूला लिहा आणि तेवढ्याच फेऱ्यांचं टॅक्सीभाडं दुसऱ्या बाजूला. माझ्या मते बहुतेक घरांत टॅक्सी स्वस्त ठरेल.

ऑफिसची जागा

कंपनी फुकट जागा देत असेल तर तुलना संपली असं वाटतं. पण ती सोय कायम राहीलच असं नाही. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅममध्ये २०१२ पासून ११ किंवा अधिक जागा असलेल्या कंपन्यांना कामाच्या ठिकाणच्या पार्किंगवर शुल्क भरावं लागतं, आणि काही कंपन्या ते कर्मचाऱ्यांकडून वसूल करतात. याच्या उलट कॅलिफोर्नियात १९९२ च्या कायद्याने काही मोठ्या कंपन्यांवर बंधन घातलं: कर्मचाऱ्यासाठी जागा भाड्याने घेत असाल, तर ती न वापरणाऱ्याला तेवढे पैसे रोख देऊ करा. असा कायदा नसला तरी ही मागणी करता येते. कंपनी तुमच्या जागेचं भाडं भरत असेल आणि तुम्ही आठवड्यातून दोनच दिवस जात असाल, तर ती जागा दुसऱ्या सहकाऱ्याबरोबर वाटून घेऊन उरलेल्या पैशांतून प्रवासभत्ता द्या, असं मनुष्यबळ विभागाला लेखी विचारा. कंपनीचा करार वर्षाचा असेल तर नूतनीकरणाच्या दोन-तीन महिने आधी विचारलेलं बरं, कारण एकदा सही झाली की त्यांनाही हात हलवता येत नाहीत.