फ्लुओ-४ की जीकॅम्प? ॲस्ट्रोसाइटमधलं कॅल्शियम आणि ऑटोफॅजी सोबत बघायची असेल तर

ॲस्ट्रोसाइटवर (मेंदूतल्या, चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींवर) पीएचडी सुरू करणाऱ्यांना हा प्रश्न पहिल्याच महिन्यात पडतो: कॅल्शियम फ्लुओ-४ सारख्या डायने (कॅल्शियमला चिकटून चमकणाऱ्या रंगाने) मोजायचं, की पेशीला जीन देऊन कॅल्शियम मिळालं की चमकणारं जीकॅम्प हे प्रथिन तिच्याकडूनच बनवून घ्यायचं?

फ्लुओ-४ एएम (पेशीत शिरता यावं म्हणून एस्टर गट जोडलेलं फ्लुओ-४) वापरायला सोपं. डिशमध्ये टाकलं की अर्ध्या तासात पेशीत शिरतं, आतली एस्टरेझ एन्झाइम्स त्याचे एस्टर गट छाटतात आणि ते आत अडकतं. पेशीतलं कॅल्शियम उसळवणाऱ्या एटीपीचा थेंब सोडा. आधी एक पेशी उजळते, मग शेजारची, मग तिच्या पलीकडची. पहिल्यांदा ही लाट बघताना हातातलं काम राहून जातं. जीकॅम्पचं जीन पेशीत न्यायला लागतो तसा व्हायरस लागत नाही, बायोसेफ्टी समितीच्या मंजुरीसाठी खोळंबावं लागत नाही. पण डाय हळूहळू बाहेर झिरपतो. प्रोबेनेसिड या औषधाने गळती कमी होते, इतकंच.

कॅल्शियमची उसळी सेकंदांची, ऑटोफॅजी (पेशीने स्वतःचेच जुने भाग पचवणं) तासांची. तीच पेशी चार तासांनी पुन्हा बघायची तर डायवर विसंबता येत नाही. जीकॅम्प टिकतं, कारण पेशी ते बनवतच राहते.

त्याहून मोठा मुद्दा जागेचा. सायटोप्लाझममध्ये कॅल्शियम वाढलं की कॅमकेके-बीटा हे एन्झाइम एएमपीके या दुसऱ्या एन्झाइमला जागं करतं, ऑटोफॅजीला रोखून धरणारं एमटॉर दबतं, ऑटोफॅजी सुरू होते. उलट पेशीतल्या कॅल्शियमच्या साठ्यावरच्या आयपी३ रिसेप्टर या दारातून मायटोकॉन्ड्रियाला सतत मिळणारं थोडंथोडं कॅल्शियम ऊर्जानिर्मिती चालू ठेवतं आणि ऑटोफॅजीला आवर घालतं. आयन तोच, परिणाम उलटे! अख्ख्या पेशीच्या सरासरी उजेडावरून यातलं काय घडलं ते कळत नाही. २०१३ साली आलेली जीकॅम्पची आवृत्ती, जीकॅम्प६, मात्र मायटोकॉन्ड्रियात पाठवता येते, किंवा एलसीके (प्रथिनाला पटलाकडे नेणारा तुकडा) जोडून पेशीपटलावर बसवता येते. मग मेंदूच्या कापात बारीक फांद्यांमधल्या लुकलुकीही दिसतात. कल्चरमधल्या चपट्या पेशींना तशा फांद्या नसतात, तिथे एलसीकेचा खटाटोप नको.

रंग दोघांचाही हिरवा. त्यामुळे ऑटोफॅजी दाखवणारा लाल-हिरवा एलसी३ रिपोर्टर त्याच पेशीत घालू नका. शेजारच्या डिशवर वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनाचं प्रमाण बघण्याची चाचणी) करा, लायसोसोमचं म्हणजे पेशीतल्या पचनाच्या पिशवीचं काम अडवणाऱ्या बॅफिलोमायसिनसह आणि त्याविना. एलसी३-२ (ऑटोफॅजीच्या पिशव्यांवर बसणारं एलसी३ या प्रथिनाचं रूप) नुसतं वाढलेलं दिसलं तर फसू नका, लायसोसोमचं काम अडलं तरी ते साठतं.

औषधाने कॅल्शियमची लाट थांबते का, एवढंच बघायचं असेल तर फ्लुओ-४ पुरेसं आहे. प्रश्नात ऑटोफॅजी असेल तर माझं मत ठाम आहे: जीकॅम्प. मंजुरीचा अर्ज पहिल्या आठवड्यातच टाका. ती येईपर्यंत फ्लुओ-४ वर मायक्रोस्कोपचा हात बसवून घ्या.